किडनीचे रक्ताचे रिपोर्ट वाचायला शिकताना: क्रिएटिनिनपासून टॅक्रोच्या लेव्हलपर्यंत

किडनीचा आजार घरात शिरला की त्याच्या मागोमाग एक प्रश्न शिरतो: "आज क्रिएटिनिन किती आलं?" आकडा ०.१ ने उतरला की सगळ्यांचे चेहरे खुलतात, ०.१ ने चढला की घास घशाखाली उतरत नाही. खरं तर या दोन्ही दिवशी किडनीत काहीच बदललेलं नसण्याची शक्यता जास्त असते.

हा लेख या फेऱ्यात नव्याने आलेल्यांसाठी आहे. आजार नुकताच कळलेले, डायलिसिसवर असलेले, प्रत्यारोपण झालेले, आणि फाइल सांभाळणारे त्यांचे नातेवाईक. औषधं आणि डोस डॉक्टरच ठरवणार. पण रिपोर्ट आधी तुमच्या हातात पडतो आणि तो नीट वाचता आला तर डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं सत्कारणी लागतात. माझा आग्रह एकच आहे. सुटा आकडा वाचू नका. रक्त कधी काढलं, कसं काढलं, कुठल्या लॅबने तपासलं आणि आधीचे आकडे काय होते, हे शेजारी असल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

पायरी १: आधी वही

मोबाइलमधले फोटो कामाचे नाहीत, ऐन वेळी सापडत नाहीत. एक वही घ्या, नाहीतर एक्सेल उघडा. रकाने असे: तारीख, रक्त काढल्याची वेळ, लॅब, क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. प्रत्यारोपण झालेलं असेल तर टॅक्रोलिमसचा ('टॅक्रो', शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) डोस आणि रक्तातली लेव्हल. शेवटचा रकाना मोठा ठेवा आणि त्यात 'त्या आठवड्यात काय झालं' ते लिहा: ताप, जुलाब, उलट्या, नवं औषध, चुकलेली गोळी, वजन. अर्धी कोडी याच रकान्यात सुटतात.

एकक नक्की बघा. काही लॅब क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये देतात, काही मायक्रोमोल प्रति लीटरमध्ये. पहिल्या आकड्याला ८८.४ ने गुणलं की दुसरा मिळतो, म्हणजे १.२ आणि १०६ एकच. युरियाचंही तसंच. काही रिपोर्टांत 'युरिया' असतं, काहींत 'बीयूएन', म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. लॅब बदलल्यावर युरिया ६० वरून एकदम २८ वर 'उतरला' म्हणून आनंद करण्याआधी ओळीचं नाव वाचा.

शक्यतो लॅब एकच ठेवा. क्रिएटिनिन मोजायची जाफे पद्धत १८८६ सालच्या रासायनिक क्रियेवर उभी आहे आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी तीच वापरतात. रक्तातली कीटोन्स, बिलिरुबिन, काही अँटिबायोटिक्स तिला फसवतात. एन्झाइम पद्धत जास्त नेमकी असते. दोन पद्धतींचे आकडे एका ओळीत मांडले की नसलेला चढउतार दिसू लागतो.

पायरी २: क्रिएटिनिन नेमकं काय सांगतं

क्रिएटिनिन स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. गाळणं मंदावलं की रक्तात साचतं. म्हणजे या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, किडनीचं काम आणि अंगातले स्नायू. १.२ हा आकडा ३० वर्षांच्या पुरुषात असेल तर सध्याच्या सूत्राप्रमाणे गाळण्याचा अंदाजी वेग, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ८३ येतो. तोच १.२ आकडा ७५ वर्षांच्या बाईत असेल तर सुमारे ४७. रिपोर्टवर दोघांचेही आकडे 'नॉर्मल' किंवा जेमतेम वर दिसतील.

दुसरी गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. क्रिएटिनिन आणि किडनीचं काम यांचं नातं सरळ रेषेचं नाही. ०.८ चं १.६ झालं तर आकडा अजून छोटाच दिसतो, पण गाळण्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. उलट ६ चं ७ झालं तर घर हादरतं, आणि प्रत्यक्षात ईजीएफआर जेमतेम एक-दोनने हललेला असतो. सुरुवातीचे छोटे बदल गंभीरपणे घ्यावेत, आणि नेमके तेच दुर्लक्षित राहतात.

ईजीएफआरवरून टप्पे ठरतात. ९० च्या वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ तिसरा 'अ', ३० ते ४४ तिसरा 'ब', १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. पहिले दोन टप्पे आजार म्हणून तेव्हाच धरतात, जेव्हा लघवीतून प्रथिन जाण्यासारखी दुसरी खूण असते. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला जुनाट आजार म्हणतात, त्यामुळे एका रिपोर्टवरून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका. आणि क्रिएटिनिन रोज बदलत असेल किंवा डायलिसिस चालू असेल तेव्हा ईजीएफआरची ओळ सरळ सोडून द्या. ते सूत्र स्थिर क्रिएटिनिनसाठी आहे.

किडनीत काही न बिघडताही क्रिएटिनिन वाढू शकतं. कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकमधलं ट्रायमेथोप्रिम ते लघवीत जाण्याची एक वाट अडवतं. व्यायामशाळेतली क्रिएटिन पावडर, आदल्या दिवशी भरपूर शिजवलेलं मांस, जोरदार व्यायाम यांनीही आकडा चढतो. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात, कारण ही औषधं पुढे किडनी वाचवतात. रिपोर्ट बघून गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका.

स्नायू फार कमी किंवा फार जास्त असतील तर डॉक्टर सिस्टॅटिन सी (किडनीच गाळते असं रक्तातलं दुसरं प्रथिन) तपासायला सांगतात. त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नाही, पण स्टिरॉइड्स, थायरॉइडचे आजार, सूज आणि लठ्ठपणा त्याला हलवतात.

युरियावर मी कमी वेळ घालवेन. शरीरातलं पाणी कमी झालं, पोटात रक्तस्राव झाला, स्टिरॉइड सुरू झालं की तो वाढतो. क्रिएटिनिन जागच्या जागी आणि युरिया एकटाच वर गेला, तर आधी या कारणांकडे बघा.

पायरी ३: पोटॅशियम

क्रिएटिनिन महिन्यांची गोष्ट सांगतं, पोटॅशियम आजची. ३.५ ते ५ च्या आसपास ते ठीक. ६ च्या वर गेलं तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो, आणि तेही आधी काही न जाणवता.

पण याच आकड्याइतकी खोटी भीतीही दुसरी टेस्ट क्वचित दाखवते. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त काढताना पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा उघड-मीट करायला लावली, बारीक सुईतून जोरात ओढलं, किंवा नळी लॅबमध्ये पोचायला तासन् तास लागले, की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. रिपोर्टच्या तळाशी 'हिमोलाइज्ड सॅम्पल' (लाल पेशी फुटलेलं रक्त) असं लिहिलेलं असेल तर आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून काय करायचं? खोटा असेल असं धरून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, ईसीजी काढायचा आणि रक्त पुन्हा द्यायचं. रक्त देताना मूठ सैल ठेवा, हे तुमच्या हातात आहे.

पोटॅशियम सतत वर राहत असेल तर औषधांची यादी दाखवा. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, कोट्रायमोक्साझोल, टॅक्रोलिमस, सगळी त्याला वर ढकलतात. 'कमी सोडियमचं' मीठ घरात असेल तर त्याच्या पाकिटावरचे घटक वाचा. सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

पायरी ४: बाकीच्या ओळी

बायकार्बोनेट २२ च्या खाली घसरू लागलं की रक्तात आम्ल साचतंय असं समजा. त्यावर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात.

कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) एकत्र वाचायचे. फॉस्फरस बराच काळ नॉर्मल दिसतो, कारण पीटीएच वाढून त्याला बाहेर काढत असतं. त्यामुळे पीटीएच आधी चढतं, फॉस्फरस उशिरा. कॅल्शियम कमी दिसलं तर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) बघा. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, तितक्या प्रत्येक १ ग्रॅमला कॅल्शियममध्ये ०.८ मिळवतात. कॅल्शियम ८ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर दुरुस्त आकडा ९.२ येतो, म्हणजे ठीकच. शंका उरली तर आयोनाइज्ड कॅल्शियम करून घेतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएच खोटं कमी येतं.

हिमोग्लोबिन घसरतं कारण रक्त बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच तयार करते. त्याचं इंजेक्शन सुरू करण्याआधी लोह तपासतात. इथे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) एकटं बघू नका. अंगात कुठेही सूज किंवा संसर्ग असला की ते फुगतं, साठा भरलेला नसतानाही. त्याच्यासोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून प्रत्यक्ष वाहून नेलं जाणारं लोह) बघा. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी पडतंय. हिमोग्लोबिन इंजेक्शनने १३ च्या वर नेण्याचा हट्ट करू नये, त्यात गुठळ्या आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

मधुमेह असेल तर एक इशारा. किडनी निकामी झालेल्या माणसात लाल पेशी कमी दिवस जगतात, त्यामुळे तीन महिन्यांची साखर दाखवणारं एचबीएवनसी खोटं चांगलं दिसतं. ग्लुकोमीटरचे आकडे वहीत ठेवा.

पायरी ५: डायलिसिसवर असाल तर

इथे क्रिएटिनिनचा अर्थ पालटतो. डायलिसिस नीट होतंय का, हे ते सांगत नाही. उलट डायलिसिसआधीचं क्रिएटिनिन महिन्यागणिक उतरत असेल, लघवी वाढलेली नसेल आणि कपडे सैल होत असतील, तर स्नायू झडताहेत अशी शंका घ्या. अल्ब्युमिन आणि वजन शेजारी ठेवून बघा.

डायलिसिस पुरेसं होतंय का, हे युरियावरून कळतं. महिन्यातून एकदा तरी सुरुवातीला आणि शेवटी रक्त घेतात. आधी १४० आणि नंतर ४२ असेल तर युरिया ७० टक्क्यांनी उतरला. निदान ६५ टक्के उतरायला हवा. 'केटी बाय व्ही' हा त्याचाच जास्त बारीक हिशेब. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असेल तर दर वेळी तो किमान १.२ हवा आणि १.४ चं लक्ष्य धरतात.

शेवटचं सॅम्पल कसं घेतलं याकडे लक्ष ठेवा. पंपाचा वेग कमी करून थोडं थांबूनच ते घ्यायचं असतं. तसं न करता घेतलं तर यंत्रातून नुकतंच साफ झालेलं रक्त नळीत येऊ शकतं, आकडा सुंदर दिसतो आणि डायलिसिस कमी पडत असल्याचं कळतच नाही. टेक्निशियनला विचारायला संकोच करू नका. तसंच डायलिसिस संपल्या संपल्या काढलेलं पोटॅशियम कमी दिसतं आणि पुढच्या काही तासांत पेशींमधून बाहेर येऊन पुन्हा वाढतं. त्यावर गोळ्या देऊन ते भरून काढायला कुणी निघालं, तर रक्त किती वाजता काढलं ते आधी सांगा.

आणि फिस्च्युलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला, हात. त्या हातात सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. फिस्च्युला अजून झालेला नसेल तरी ज्या हातात होणार आहे त्याच्या शिरा राखून ठेवा. रक्त द्यायचं ते तळहाताच्या मागच्या शिरेतून. लॅबवाल्याला कितीही सोयीचं वाटत असलं तरी कोपरातली शीर देऊ नका.

पायरी ६: प्रत्यारोपणानंतर

नवी किडनी चालू लागली की क्रिएटिनिन भराभर उतरतं. काहींची किडनी लगेच चालत नाही, पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागतं. मेंदूमृत दात्याच्या किडनीत हे जास्त दिसतं आणि त्यातल्या बहुतेक पुढे चालू लागतात. मग आकडा एका जागी स्थिरावतो. तो तुमचा बेसलाइन. कुणाचा ०.९, कुणाचा १.६. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. दाता कोण, त्याचं वय किती, तुमची चण केवढी, सगळंच वेगळं असतं. बेसलाइन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

तपासण्यांचा वेग सुरुवातीला जास्त असतो. पहिला आठवडा रोज, महिना संपेपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा, तिसऱ्या महिन्यापर्यंत दर आठवड्याला, सहाव्यापर्यंत पंधरा दिवसांनी, वर्षापर्यंत महिन्याला, आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी. तुमचं केंद्र यात थोडाफार फरक करेल. दोन-तीन वर्षं सगळं छान चाललं की लोक तपासणी लांबवू लागतात. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, सुरुवातीला दुखत नाही, जाणवत नाही, म्हणून ही ढिलाई महागात पडते.

टॅक्रोलिमसची लेव्हल हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग. हे औषध कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झालं तर तेच किडनीला इजा करतं, आणि दोन्हीमधली जागा अरुंद आहे. पहिल्या काही महिन्यांत सहसा ८ ते १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आणि पुढे ५ ते ८ च्या आसपास ठेवतात, पण तुमचं लक्ष्य तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

लेव्हलच्या दिवशी असं करा:

१. आदल्या रात्रीची गोळी रोजच्याच वेळी घ्या, आणि ती वेळ लिहा.
२. सकाळची गोळी सोबत न्या, पण घेऊ नका. लेव्हल ही पुढच्या डोसआधीची, रक्तातलं औषध सगळ्यात कमी असतानाची मोजायची असते.
३. गोळी रात्री ९ ला असेल तर रक्त सकाळी ९ च्या सुमारास द्या. दिवसातून एकदाच घ्यायची लांब असराची गोळी असेल तर २४ तासांनी.
४. नळी जांभळ्या झाकणाची आहे ना बघा. टॅक्रोलिमस लाल पेशींना चिकटलेलं असतं, त्यामुळे अख्खं रक्त लागतं.
५. रक्त दिलं की लगेच गोळी घ्या.

सवयीने घरीच गोळी घेऊन गेलात तर तसं स्पष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. लपवलंत तर लेव्हल भलतीच जास्त येईल, डॉक्टर डोस उतरवतील, आणि खरी लेव्हल धोक्याइतकी खाली जाईल. डोस बदलल्यावर लेव्हल स्थिर व्हायला दोन-तीन दिवस जातात, उद्याच तपासून उपयोग नाही. टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांची लेव्हल काही ठिकाणी गोळीनंतर बरोबर दोन तासांनी घेतात, ती वेळ घड्याळ लावून पाळा.

आता वहीतल्या शेवटच्या रकान्याची किंमत कळेल. उदाहरण म्हणून पाचव्या महिन्यातल्या तीन ओळी घ्या:

३ मार्च: क्रिएटिनिन १.१, लेव्हल ६.८.
१७ मार्च: क्रिएटिनिन १.२, लेव्हल ६.५.
३१ मार्च: क्रिएटिनिन १.५, लेव्हल १३.९. चार दिवस जुलाब.

१.१ चं १.२ हे मोजणीतलं मागेपुढे आहे, सोडून द्या. १.५ मात्र खरं आहे. जुलाबात अंगातलं पाणी गेलं, शिवाय आतड्यातून टॅक्रोलिमस एरवीपेक्षा जास्त शोषलं गेलं. पाणी आणि डोस सावरला की आकडा बहुधा उतरेल. आता याच ओळीत लेव्हल १३.९ ऐवजी ३.१ आहे आणि शेजारी 'फिटचं नवं औषध सुरू' असं लिहिलंय, अशी कल्पना करा. क्रिएटिनिन तेच १.५, पण आता रिजेक्शनची शंका पहिली. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन लेव्हल पाडतात. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम आणि ग्रेपफ्रूट ती चढवतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने कसलंही औषध दिलं, अगदी दातांच्या डॉक्टरने दिलं, तरी पहिली गोळी घेण्याआधी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन करा. वनस्पतींपासून केलेल्या गोळ्या आणि काढेही यात आले.

क्रिएटिनिन उशिरा बोलतं, ही त्याची मर्यादा इथे ठळक होते. म्हणून त्याच्या आधी बोलणाऱ्या टेस्ट करतात. बीके विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात निपचित असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की नव्या किडनीत जागा होऊ शकतो. रक्तातली त्याची पीसीआर (विषाणू शोधून मोजणारी टेस्ट) पहिले काही महिने दर महिन्याला आणि मग वर्षापर्यंत तीन महिन्यांनी करतात. क्रिएटिनिन छान आहे म्हणून ही टाळू नका, ते छान असतानाच विषाणू पकडायचा असतो. यावरचा मुख्य उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं, रिजेक्शनच्या नेमका उलट. क्रिएटिनिन वाढलं की घरच्या घरी डोस वाढवून चालत नाही, ते याचसाठी. सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूसाठीही पीसीआर असते.

डीएसए म्हणजे दात्याच्या पेशींविरुद्ध तुमच्या शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी. आधी नव्हत्या आणि आता दिसल्या, तर डॉक्टर आधी गोळ्या चुकताहेत का ते विचारतील. खरं उत्तर द्या. अलीकडे रक्तात तरंगणाऱ्या दात्याच्या डीएनएचं प्रमाणही मोजतात. किडनीच्या पेशी मरताना तो सोडतात. १ टक्क्याच्या आसपास किंवा वर गेला तर किडनीला इजा होत असण्याची शंका येते, पण कशाने होतेय ते कळत नाही. (एकसारख्या जुळ्यांमध्ये ही टेस्ट चालायची नाही, दोघांचा डीएनए एकच. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण, २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेलं, अशाच जुळ्या भावांमधलं होतं.) शेवटचा निवाडा बायोप्सीचा.

बाकी ओळी भरभर बघू. पांढऱ्या पेशी घसरल्या तर मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं), व्हॅलगॅनसायक्लोव्हिर (सीएमव्हीवरचं) आणि कोट्रायमोक्साझोल या तिघांवर नजर जाते. मॅग्नेशियम टॅक्रोलिमसमुळे कमी होतं. फॉस्फरस, जो आधी जास्त म्हणून त्रास होता, तो आता कमी येऊ शकतो, कारण जुनं वाढलेलं पीटीएच लगेच शांत होत नाही. सकाळी स्टिरॉइड घेणाऱ्यांची साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे उपाशीपोटीची साखर चांगली आली तरी दुपारची तपासा. हिमोग्लोबिन १७ च्या वर गेलं तर तेही सांगा. आणि रक्ताची नसली तरी लघवीतल्या प्रथिनाची टेस्ट सोबत करून घ्या, किडनीतला बिघाड कधी कधी तिथे आधी दिसतो.

पायरी ७: फोन कधी करायचा

प्रत्यारोपण झालेल्याचं क्रिएटिनिन बेसलाइनपेक्षा २० ते २५ टक्क्यांनी वाढलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी. पोटॅशियम ६ किंवा वर आलं तर रात्र असली तरी. ताप, लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, एक-दोन दिवसांत वजन आणि सूज वाढणं, उलट्यांमुळे गोळ्या न टिकणं, हात थरथरू लागणं, यांतलं काही असेल तर रिपोर्ट यायचीही वाट बघू नका.

फोनवर 'रिपोर्ट खराब आलाय' एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही. वही समोर धरा आणि या क्रमाने सांगा: प्रत्यारोपण कधी झालं, बेसलाइन किती, आजचं आणि त्याआधीच्या दोन वेळचं क्रिएटिनिन, पोटॅशियम, शेवटची लेव्हल आणि ती गोळीआधीची होती का, आत्ताचा डोस, आणि गेल्या आठवड्यात सुरू किंवा बंद झालेलं प्रत्येक औषध.